लाल ठिपक्याचा भाव

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. मोशीला राहणाऱ्या माझ्या भाच्याने फोनवर एक फोटो पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे ओरिजिनल आहे का? घेऊ का?" चष्मा लावून पाहिले. बजाज चेतकच्या इंजिनावर बसणारे क्लच कव्हर होते. ॲल्युमिनियमचे, तळहातावर मावेल एवढे. बोल्टसाठी असलेल्या कानांपैकी एक तुटलेला आणि मधोमध लाल रंगाचा ठिपका. विक्रेत्याने वर्णन केले होते ते असे : दुर्मिळ, व्हिंटेज, अस्सल कंपनी पार्ट, फॅक्टरीतल्या रंगखुणेसह, किंचित डॅमेज, भाव फिक्स. किंमत २,८०० रुपये. कुरिअर वेगळे.

मी एकटाच मोठ्याने हसलो. स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, काय झाले म्हणून. त्यांना काय सांगणार? असेच नवे कव्हर, कोणत्या तरी लहान कारखान्यात बनलेले, आजही स्पेअर पार्टच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. ते बसते, चालते, तेल गळू देत नाही. आणि हे तुटक्या कानाचे, जे इंजिनावर धड बसणारही नाही, ते २,८०० रुपयांना! भाच्याला कळवले, "घेऊ नकोस. दुकानातून नवे आण." त्याचे लगेच उत्तर : "पण मामा, ते ओरिजिनल नाही ना!"

भाचा चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या मेहुण्यांची, १९८६ सालची चेतक त्याने गेली दोन वर्षे सुटी करून ठेवली आहे. पार्किंगमध्ये सांगाडा आणि घराच्या बाल्कनीत खोक्यांतून बाकीची स्कूटर. मेहुणे करोनात गेले. त्यामुळे या प्रकरणात मी फारसे शहाणपण शिकवत नाही. रविवारी सकाळी जातो, चहा घेतो, पाने पकडून उभा राहतो.

त्याच्यामुळेच मला हा सगळा बाजार कळला. आता तर मला त्याचे व्यसनच लागले आहे म्हणा ना. रात्री झोप लागली नाही की मी जाहिराती वाचत पडतो. काच फुटलेला, काटा अडकलेला स्पीडोमीटर. कुलूप नसलेली किल्ली. गंजून जाळी झालेले स्टेपनीचे कव्हर आणि त्यापुढे "पॅटिना जपलेला आहे" असा शेरा. (पॅटिना म्हणजे काय हे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, "गंजच, पण आदराने.") ग्रीसने काळे पडलेले मालकाचे माहितीपुस्तक. एकाने तर सुट्या भागाचा नुसता पुठ्ठ्याचा खोका विकायला काढला होता. आत काही नाही, हे त्याने प्रामाणिकपणे लिहिलेही होते. दोन दिवसांनी पाहिले तर खोका विकला गेलेला!

पूर्वी असा माल विकायचा तर पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी नाही तर बुधवारी पोते पसरून बसावे लागे. तुटक्या कव्हराला गिऱ्हाईक लागायला त्या बाजारातूनच एक वेडा माणूस त्या दिवशी जायला हवा. आता सगळ्या देशातले वेडे एकाच रस्त्यावरून रात्रंदिवस येजा करतात. एका लाखात एक निघाला तरी पुरतो. माझ्या मते भाव वाढण्याचे निम्मे कारण एवढेच आहे.

उरलेले निम्मे कारण मला भाच्याच्या मित्राने समजावले. हा मुलगा हिंजवडीत नोकरी करतो आणि गिटार वाजवतो. तो म्हणाला, "काका, तुमच्या स्कूटरचं काहीच नाही. गिटारवाल्यांचा बाजार बघा." आणि त्याने जे दाखवले ते पाहून मी गप्पच झालो. अमेरिकेत मिशिगन राज्यात कॅलामाझू नावाचे गाव आहे. तिथे गिब्सन कंपनीचा गिटारचा कारखाना होता. १९५८ ते १९६० या काळात तिथे लेस पॉल नावाच्या गिटारचा पिवळ्या-लालसर छटेचा एक प्रकार बनला, सगळ्या मिळून सुमारे दीड हजार. गंमत अशी की त्या वेळी ही गिटार खपली नाही, आणि १९६१ मध्ये कंपनीने आकारच बदलून टाकला. पुढे १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने एका ध्वनिमुद्रणात ती वाजवली आणि मंडळी तिच्या शोधात निघाली. आज तशी अस्सल गिटार लाखो डॉलरना जाते.

पण मुद्दा गिटारचा नाही, तिच्या मोडक्या तुकड्यांचा आहे. तारांचे कंपन पकडणारा एक भाग असतो, त्याला पिकअप म्हणतात. गिब्सनच्या सेथ लव्हर या तंत्रज्ञाने त्याचा एक नवा प्रकार तयार केला आणि १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज गेला. ते मिळायला १९५९ उजाडले. दरम्यान पिकअपच्या पाठीवर 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असा मजकूर असलेली इवलीशी पट्टी चिकटवत. आज ती पट्टी असलेला पिकअप हजारो डॉलरना विकला जातो. त्याच्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट, भेग पडलेली असली तरी, शेकडो डॉलरना. आवाज कमीजास्त करण्याचे बटण ज्यावर फिरते तो पोटेन्शिओमीटर बंद पडलेला असला, तरी त्याला गिऱ्हाईक असते. कारण त्याच्या पाठीवर बनवणाऱ्याचा सांकेतिक क्रमांक आणि वर्ष-आठवडा छापलेला असतो, आणि गिटार कोणत्या साली बनली हे ठरवायला जाणकार तोच आकडा वाचतात.

म्हणजे बघा, यात अगदीच वेडेपणा नाही. एखाद्याकडे लाखमोलाची गिटार आहे आणि तिच्यात फक्त एक चौकट नंतरची आहे. ती जुनी मिळाली तर सगळ्या गिटारचा भाव वर सरकतो. मग चौकटीसाठी तो शेकडो डॉलर मोजतो तेव्हा तो हिशेबच करत असतो. वेडेपणा पुढे सुरू होतो. ज्याच्याकडे तशी गिटार नाही, कधी असणारही नाही, तोही त्या चौकटीचा तुकडा घेऊन कपाटात ठेवतो. आणि १९९५ मध्ये फेंडर या दुसऱ्या मोठ्या कंपनीने तर कळस केला. कारखान्यातच नव्या गिटारचा रंग खरवडून, कोपरे झिजवून, स्क्रू गंजवून ती 'रेलिक' नावाने विकायला सुरुवात केली. जास्त दाम घेऊन! आम्ही ज्या मालाला रिजेक्ट म्हणत होतो त्याला तिथे वेगळा विभाग निघाला.

तो मुलगा आणखी एक गोष्ट बोलून गेला. गिब्सनच्या कारखान्यात एखादी गिटार तपासणीत थोडी कमी पडली, रंगात डाग वगैरे असला, तर तिच्या डोक्याच्या मागे '२' असा आकडा ठोकत. दुसऱ्या प्रतीचा माल, म्हणून. आता त्या आकड्यावरही लोक चर्चा करतात. मी त्याला विचारले, "तो आकडा ठोकणारा माणूस कोण होता, हे कुणी शोधतं का रे?" तो हसला. म्हणाला, "काका, ते कोण शोधणार?"

मी हे का विचारले ते आता सांगायला हवे. ज्या हाताने आकडा ठोकायचा, तशा हातांपैकी एक माझा आहे. १९८४ पासून कारखाना बंद होईपर्यंत मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्टर होतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. तो आता नाही, आणि मालकांच्या पुढच्या पिढीचा यात काही दोष नाही. आम्ही ॲल्युमिनियमचे डाय कास्टिंग करत असू. स्कूटरची कव्हरे, लिव्हर, ब्रॅकेट असा माल.

आजच्या मुलांना सांगून खरे वाटत नाही, पण एके काळी या पट्ट्यातल्या शेकडो लहान कारखान्यांचे घड्याळ आकुर्डीच्या भोंग्यावर चालत होते. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच सुमाराला आकुर्डीला बजाजची स्कूटर बनू लागली. सुरुवातीला इटलीच्या पियाज्योच्या परवान्यावर. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन चेतक आली. नंबर लावला की आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबायचे. परदेशात कुणी नातेवाईक असेल आणि परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळे. म्हणून अमेरिकेतल्या चुलतभावाची तब्येत लोक आवर्जून विचारत. नंबर लागलेली स्कूटर जास्त पैसे घेऊन विकणे हा तर अनेकांचा जोडधंदा होता. लग्नाच्या बैठकीत स्कूटरवरून ताणलेल्या गोष्टी मी स्वतः पाहिल्या आहेत.

आणि आता त्याच स्कूटरबद्दल जे हळवे लिहिले जाते ते वाचून मला थोडा रागही येतो. चालू होत नाही म्हणून ती उजवीकडे-डावीकडे कलती करून हलवायची, प्लग काढून पुसायचा, पंपावर ऑइल मिसळून घ्यायचे, हे सगळे लोक विसरले. १९८९ मधली 'हमारा बजाज' ही जाहिरात मात्र लक्षात राहिली. ती दूरदर्शनवर लागली की आमच्या चाळीत आवाज वाढवत. तिच्यात दिसणाऱ्या प्रत्येक स्कूटरच्या पोटात आमच्याकडचे एखादे कव्हर असेल, असे मला वाटे. बायकोला मी तसे सांगतही असे.

आमच्या खात्यात उन्हाळ्यात उभे राहवत नसे. वितळलेले ॲल्युमिनियम मशीनमध्ये ओतायचे, दाबाने साच्यात जायचे, साचा उघडला की कव्हर बाहेर. त्याला चिकटलेला रनर तोडायचा, कडेचा फ्लॅश कानशीने घासायचा आणि माल माझ्या टेबलावर. मी काय बघायचो? कोल्ड शट, म्हणजे धातू साच्यात नीट मिळून न आल्याची रेघ. ब्लोहोल, म्हणजे हवा अडकून पडलेले भोक. क्लच कव्हरच्या आत तेल असते. ब्लोहोल असलेले कव्हर निघून गेले तर गिऱ्हाइकाच्या दारात काळा डाग पडणार. म्हणून संशय आला की बाजूला.

बाजूला टाकलेल्या मालाचे दोन संस्कार होत. मधोमध ब्रशने लाल ठिपका द्यायचा. आणि हातोडीने एक कान तोडायचा. कान कशाला, तर नुसता रंग थिनरने पुसता येतो. पुसून तोच माल कुणी बाजारात विकला तर? कान तुटला की ते कव्हर कुणाच्या इंजिनावर बसणारच नाही. मग गोणीत भरायचे, वजन करायचे आणि पुन्हा वितळवायला भट्टीकडे.

आता वाचकांच्या लक्षात आले असेल. जाहिरातीतले 'किंचित डॅमेज' हे अपघाताने झालेले नव्हते. ती माझी किंवा माझ्या शेजारी बसणाऱ्याची हातोडी होती. आणि ती 'फॅक्टरीतली रंगखूण' म्हणजे 'हे कुणी वापरू नये' असे सांगणारा ठिपका. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. मीही हसलो. नंतर रात्री सवयीने तो फोटो पुन्हा उघडला आणि बोटांनी मोठा केला.

साच्यात तारखेची लहानशी चकती बसवलेली असे. मध्ये वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि भोवती टिंबे. महिना बदलला की टूलरूममधला माणूस आणखी एक टिंब ठोकायचा. त्यामुळे कव्हरच्या आतल्या बाजूला उठावाने वर्ष आणि महिना येई. फोटोत आतली बाजूही होती. '९१' स्पष्ट दिसत होते. टिंबे दोन. म्हणजे फेब्रुवारी १९९१.

त्या तारखेचे रिजेक्ट कव्हर भट्टीत न जाता बाहेर आले कसे, हा प्रश्न माझ्यासाठी साधा नव्हता.

१९९१ च्या ३१ मार्चला वर्षअखेरीची मोजणी झाली. माझ्या रजिस्टरातले रिजेक्ट मालाचे वजन आणि भट्टीवाल्यांच्या रजिस्टरात आलेले वजन यांत ५८ किलोचा फरक निघाला. तीन महिन्यांचा मिळून. माल टेबलावरून भट्टीपर्यंत हातगाडीने नेणारा एक हेल्पर होता. कॅज्युअलवरचा, वीस-एकवीस वर्षांचा, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातून, तुळजापूरच्या बाजूने आलेला. कामाला चपळ. डब्यात बहुतेक वेळा भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि तो सगळ्यांना वाटायचा. ॲल्युमिनियम भंगारात विकले जाते हे सगळ्यांना ठाऊक होते. संशय त्याच्यावर गेला. खरे तर दुसऱ्या कुणावर जाऊच दिला नाही.

मला ऑफिसात बोलावून एक कागद पुढे केला. त्यात लिहिले होते की इन्स्पेक्शन खात्याने माल मोजून सदर हेल्परच्या ताब्यात दिला होता. हे खरेच होते. मी सही केली. त्याला दुसऱ्या दिवसापासून यायचे नाही म्हणून सांगितले. तो माझ्या टेबलाशी आला. "साहेब, तुम्ही तरी सांगा की," एवढेच म्हणाला. मी म्हणालो, "मी काय सांगणार? मी माल दिला, एवढंच मला माहीत." त्या वर्षी मी प्राधिकरणात घरासाठी कर्ज काढले होते. हे कारण मी तेव्हाही स्वतःला सांगितले होते, आज तुम्हाला सांगतो आहे.

कारण मला आणखी थोडे माहीत होते. फेब्रुवारीत एकदा आमचे सुपरवायझर दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले होते, "या महिन्यात रिजेक्शनचा टक्का फार दिसतोय. थोडा माल बाजूला राहू दे, पुढच्या महिन्यात दाखवू." असे सगळीकडे चालते, ज्यांनी कारखान्यात दिवस काढले आहेत त्यांना नवल वाटणार नाही. महिन्याच्या तक्त्यात टक्का मर्यादेत दिसला की साहेब खूश. पण बाजूला ठेवलेला माल दोन्ही रजिस्टरांत कसा बसवायचा याचा विचार कुणी केला नसावा. मी ते वाक्य ऐकले होते. मार्चअखेरीस मला ते आठवले नाही असे मी म्हणू शकत नाही.

दोन दिवसांनी विक्रेत्याला फोन केला. कव्हर बघायला येतो म्हटले. त्याने चिखलीच्या बाजूला एका गल्लीत बोलावले. पंचविशीचा मुलगा, इथेच जन्मलेला. वडिलांचा भंगाराचा धंदा कुदळवाडीत होता. कुदळवाडी म्हणजे या औद्योगिक पट्ट्याचे पोट होते. चाकणपासून भोसरीपर्यंत जे जे मोडले, उरले, नाकारले गेले ते सगळे तिथे पचायला यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली हजारो शेड आणि गोदामे पाडली. अनधिकृत होती, आगी लागत होत्या, धूर होता, हे सगळे खरे. चिखलीत राहणाऱ्या माझ्या मित्राला आता रात्री खिडकी उघडता येते. आणि त्या मुलाच्या वडिलांचे आयुष्य आठवड्यात आवरले गेले, हेही खरे. आता भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एकीत माल आणि दुसरीत घर, असा संसार होता. धंदा फोनवर.

"शेड पडायच्या आदल्या रात्री सामान काढत होतो, काका," तो सांगू लागला. "वजनकाट्याच्या खाली टेकू म्हणून एक गोणी ठेवलेली. मी लहान होतो तवापासून ती तिथंच. उघडली तर ही कव्हरं. वडील म्हणले, भोसरीला एक कारखाना बंद पडला तवा लॉट उचलला होता. कॉम्प्रेसर रूमच्या वरच्या माळ्यावर चार गोण्या होत्या. तीन तवाच भट्टीला दिल्या, एक काट्याखाली घातली."

आमचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला. त्याआधीच स्कूटरचे काम आटले होते. २००७ मध्ये आकुर्डीतले उत्पादन थांबले आणि २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणेच सोडायचे जाहीर केले. (पुढे २०१९ मध्ये चेतक पुन्हा आली, विजेवर चालणारी. पहिल्या गाड्या चाकणहून निघाल्या. तिला क्लच नाही, त्यामुळे क्लच कव्हरही नाही.) कॉम्प्रेसर रूमच्या वरचा माळा मला आठवत होता. तिथे कुणी जात नसे, कारण उकाडा असह्य होई. किल्ली सुपरवायझरांकडे असायची.

मी गोणी उपसली. मुलाने अकरा कव्हरे विकली होती, तरी साठाच्या वर शिल्लक होती. सगळ्यांवर लाल ठिपका, सगळ्यांचा एक कान तुटलेला. जमिनीवर मांडून मी एकेक उलटे करून टिंबे मोजत गेलो. एक टिंब, दोन टिंबे, तीन टिंबे. चार कुठेच नव्हती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च १९९१. भरलेली गोणी पंधरा किलोच्या आसपास असणार. चार गोण्या.

यावरून कोर्टात काही सिद्ध होणार नाही, हे मला कळते. तीन गोण्या कधीच वितळल्या. त्यांचे पातेले तरी झाले असेल नाही तर पिस्टन. पण मला ज्याची खात्री पटायची ती पटली. तो माल कारखान्याच्या फाटकातून बाहेर गेलाच नव्हता. सतरा वर्षे आमच्या डोक्यावरच्या माळ्यावर पडून होता आणि खाली आम्ही सत्यनारायण घालत होतो, दसऱ्याला मशीनला झेंडू बांधत होतो.

मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याला ठिपक्याचा अर्थ सांगितला. कान का तुटला तेही सांगितले. वाटले, बिचारा ओशाळेल. तर त्याचे डोळे चमकले. "म्हंजे तुम्ही स्वतः रिजेक्ट केलेत हे? काका, मग असं लिहू का, 'इन्स्पेक्शन रिजेक्ट, १९९१'? भाव वाढंल ना?" मला कॅलामाझूचा तो '२' आठवला. म्हणालो, बहुतेक वाढेल. मग तो जरा अडखळत म्हणाला, "तुम्ही एका कागदावर लिहून द्याल का, की हे ओरिजिनल आहे? प्रत्येक कव्हराबरोबर झेरॉक्स पाठवीन. तुम्हाला पण काही तरी देऊ."

पस्तीस वर्षांपूर्वी ज्या मालाला मी नालायक ठरवले त्याच्या लायकीचा दाखला आता मीच द्यायचा! पण नाही तरी कशाच्या जोरावर म्हणणार? खोटे तर त्यात काही नव्हते. शिवाय हा मुलगा घेणाऱ्यांना फसवत नव्हता. तुटका कान त्याने फोटोत समोरच ठेवला होता. मी विचारले, घेतात कोण? त्याने फोनवर दाखवले. बंगळुरूच्या एकाने टेबलावर पेपरवेट म्हणून घेतले. एकाने त्याचा दिवा केला होता, आणि तो बरा दिसत होता. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी तीन घेतली आणि कारण सांगितले नाही. बसवण्यासाठी अर्थात कुणीच नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नवी नोंदणी असेल तर २०,००० रुपये भरून. पहिल्या चेतक आता त्या वयाच्या झाल्या. त्यामुळे 'मूळ' या शब्दाला सध्या भलताच भाव आहे, आणि मूळ म्हणजे चालणारे असे कुठे लिहिलेले नाही.

मी एक कव्हर विकत घेतले. मार्चचे, तीन टिंबांचे. मुलगा पैसे घ्यायला तयार नव्हता, मग दीड हजारावर तडजोड झाली. घरी आणून टीव्हीच्या कपाटावर ठेवले. सौभाग्यवतींनी ते दोन वेळा मागच्या गॅलरीत नेऊन टाकले, मी दोन वेळा परत आणले. भाच्याच्या चेतकला दुकानातले नवे कव्हर बसले आहे. तेल गळत नाही. जानेवारीत ती पहिल्यांदा चालू झाली तेव्हा भाच्याने आईला मागे बसवून सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या, आणि सबंध बिल्डिंगमध्ये निळा धूर झाला म्हणून सेक्रेटरींचा फोन आला.

त्यानंतर मी आमच्या जुन्या टाइम ऑफिसच्या क्लार्कना गाठले. ते आता निगडीला मुलाकडे असतात. वय झाले आहे, पण हजेरीपटावरची नावे त्यांना अजून पाठ आहेत. त्यांनी हेल्परचे पूर्ण नाव सांगितले आणि गावाचेही. एवढी वर्षे मला त्याचे आडनाव माहीत नव्हते. गावच्या ग्रामपंचायतीत फोन लावून एका ओळखीच्यांनी चौकशी केली. तो गावातच आहे, थोडी शेती आहे, मुलगी शिक्षिका आहे. फोन नंबरही मिळाला. पण फोनवर काय बोलणार? म्हणून पत्र लिहायचे ठरवले.

विक्रेत्याला द्यायचा दाखला एका बैठकीत लिहून झाला. दहा ओळी. सदर कव्हर अमुक काळात अमुक कारणाने नाकारले होते, कान हातोडीने तोडलेला आहे, खाली माझी सही. त्याने त्याच्या झेरॉक्स काढल्या; गेल्या आठवड्यात एक कव्हर ४,२०० रुपयांना गेले म्हणून त्याचा पेढे घेऊन येण्याचा बेत आहे.

तुळजापूरकडचे पत्र मात्र रखडले आहे. काय लिहायचे ते मला माहीत आहे. अडते ते मायन्याशी. तेव्हा मी त्याला 'ए' म्हणून हाक मारायचो. आज तो पंचावन्नच्या पुढचा, मुलीच्या लग्नाचा विचार करणारा माणूस असेल. 'प्रिय' लिहावे तर तसा माझा हक्क नाही, आणि 'सा. न. वि. वि.' लिहून पाहिले तर ते पत्र पुन्हा ऑफिसातल्या त्या कागदासारखे दिसू लागते.